एकाच विमानाने आल्या, पण नियम दोन

२०२५च्या एप्रिलमध्ये आई, वहिनी आणि वहिनीचा चार वर्षांचा मुलगा एकाच विमानाने हीथ्रोला उतरले. धाकटा भाऊ वर्षभर आधी नोकरीसाठी इथे आला होता. वहिनी आणि भाचा त्याच्यावर अवलंबून म्हणून डिपेंडंट व्हिसावर आले, आणि आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. पहिले काही आठवडे सगळे पूर्व लंडनमधल्या माझ्याच घरी राहिले. एकाच छपराखाली राहणारी, एकाच टेबलावर जेवणारी माणसं. पण यांपैकी कोणी आजारी पडलं तर कोणाला काय मिळणार, कोणाला बिल येणार, हे पूर्णपणे त्यांच्या पासपोर्टमधल्या शिक्क्यावर ठरणार होतं. त्या सहा महिन्यांत मी जे शिकले ते लिहून ठेवते आहे, कारण दर उन्हाळ्यात आपल्याकडून कितीतरी आईवडील इथे येतात आणि बहुतेक घरांत हे कुणालाच नीट माहीत नसतं. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत.

वहिनीचं काम सोपं झालं. व्हिसाचा अर्ज करतानाच भावाने तिचा आणि मुलाचा इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतली जाणारी रक्कम, भरला होता. २०१५मध्ये हा सरचार्ज सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या माणसाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड झाला. भावाच्या व्हिसाची दोन वर्षं उरली होती, म्हणजे दोघांचे मिळून ३,६२२ पौंड, तेही एकरकमी, पाय ठेवण्याआधीच. नव्याने संसार मांडणाऱ्या माणसासाठी ही रक्कम फार मोठी आहे. पण एकदा ती भरली की एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, बहुतेक सगळे दरवाजे इथल्या रहिवाशांसारखेच उघडतात. वहिनीची जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नोंदणी झाली, दहा आकडी एनएचएस नंबर आला. भाच्याचं भारतातलं लसीकरणाचं कार्ड नर्सने समोर ठेवून एकेक डोस इथल्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला. शाळेआधीचा बूस्टर तेवढा राहिला होता, तो देऊन टाकला. पुढे वहिनीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं बोलावणंही पत्राने आलं. इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या बायकांना ते येतं. वहिनी चौतीस वर्षांची, आणि ही तपासणी तिची आयुष्यात पहिल्यांदाच झाली. कुणीतरी आपणहून पत्र पाठवून बोलावतंय याचंच तिला अप्रूप वाटलं.

आईचं मात्र सगळंच निराळं. व्हिजिटरला सरचार्ज लागत नाही, आणि भरतो म्हटलं तरी भरता येत नाही. पैसे देऊन या व्यवस्थेत येण्याची सोयच तिच्यासाठी नाही. ‘मी पंधरा वर्षं इथे कर भरते, मग माझ्या आईला का नाही?’ हा प्रश्न माझ्या ओळखीत प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे. उत्तर असं की एनएचएस कराच्या पावतीवर चालतच नाही. ब्रिटिश पासपोर्टवरही नाही. ते चालतं राहण्यावर: माणूस इथे कायदेशीरपणे, स्वतःच्या इच्छेने आणि स्थिरावून राहतो आहे का. ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ या शब्दांचा हा अर्थ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका खटल्यात लावला गेला, आणि तो खटला दवाखान्याचा नव्हताच, विद्यार्थ्यांच्या शिक्षण अनुदानाचा होता. पुढे २०१४च्या इमिग्रेशन कायद्याने अट आणखी आवळली. आपल्यासारख्या ज्यांना व्हिसा लागतो त्यांच्याकडे कायम राहण्याचा परवाना असेल तरच ते या व्याख्येत बसतात. लांबच्या मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या बाकीच्यांनी सरचार्ज भरायचा. नोकरी करून कर भरणारा ब्रिटिश माणूस कायमचा दुबईला राहायला गेला तर सुट्टीवर परत आल्यावर त्यालाही रुग्णालयाचं बिल येऊ शकतं. हे समजल्यावर माझा राग थोडा निवळला.

पण ही सगळी अडवणूक रुग्णालयाच्या पातळीवरची आहे, जीपीची नाही, आणि हीच गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमध्ये कुणीही, अगदी कुणीही, जीपीकडे नोंदणी करू शकतं आणि जीपीला, तिथल्या नर्सला भेटणं सगळ्यांना फुकट आहे. व्हिजिटरलाही. नोंदणीसाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं कायद्याने बंधनकारक नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर कायमची नोंदणी करायची, कमी राहणार असेल तर तात्पुरती. यादी भरलेली असेल किंवा घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल तर ते नकार देऊ शकतात, पण ‘कागद नाहीत’ किंवा ‘तुम्ही पाहुण्या आहात’ हे कारण चालत नाही.

आमच्या जवळच्या दवाखान्यात नेमकं हेच कारण मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी आईचा पासपोर्ट बघितला, व्हिसाचं पान उघडलं आणि म्हणाल्या, व्हिजिटरना आम्ही घेत नाही, खासगी डॉक्टर बघा. त्या उद्धट अजिबात नव्हत्या. त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं होतं, आणि मागे रांग वाढत होती. आई माझी बाही ओढत होती. ‘चल गं, कशाला त्यांना त्रास. मला काही झालेलं नाही.’ मी एनएचएसच्याच संकेतस्थळावरचं जीपी नोंदणीचं पान छापून नेलं होतं. ते पुढे केलं आणि मॅनेजरशी बोलायचं आहे म्हटलं. मॅनेजर आल्या, त्यांनी पान वाचलं, नोंदणीचा फॉर्म काढून दिला. झालं. पण ज्या माणसाला इंग्रजी येत नाही, जो एकटाच आलाय, किंवा ज्याची मुलगी त्या दिवशी कामावर आहे, तो तिथूनच मागे फिरला असता आणि पुन्हा कधी आला नसता. हक्क कागदावर पक्का आहे, पण तो मिळतो की हुकतो ते काउंटरवर ठरतं. डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड या संस्थेने ‘सेफ सर्जरीज’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात सामील झालेले जीपी कुणालाही कागदांसाठी अडवणार नाही असं ठरवून तसं काम करतात. तुमच्या भागात असा दवाखाना असेल तर आधी तिथे जा.

आईला मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही जुने. पहिल्या भेटीसाठी दवाखान्याने विचारलं, दुभाषी हवा का? मी म्हटलं, मी आहे की. तर रिसेप्शनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की शक्यतो घरच्या माणसाला दुभाषी करत नाहीत. फोनवर मराठी दुभाषी मिळेल, पैसे पडणार नाहीत. मराठीसुद्धा मिळेल, हे ऐकून आईला खूप बरं वाटलं. डॉक्टरांच्या टेबलावर स्पीकर लावलेला फोन, आणि त्यातून एका बाईंचा वऱ्हाडी वळणाचा आवाज. ‘काकू, डॉक्टर विचारून राहिले, गोळ्या रोज घेता का?’

आई म्हणाली, ‘घेते की.’ मग थोडं थांबून, ‘म्हणजे आता एक दिवसाआड.’

मी बाजूच्याच खुर्चीत बसले होते. दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, का? आईने सांगितलं की साताऱ्याच्या औषधवाल्याने तीन महिन्यांच्याच गोळ्या दिल्या, मुक्काम सहा महिन्यांचा, म्हणून आल्या दिवसापासून ती त्या पुरवून पुरवून घेत होती. ‘इथे डॉक्टर म्हणजे लाखाची गोष्ट, असं सगळे सांगतात. पोरांच्या डोक्यावर कशाला?’ हे तिने मला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही, जिच्याशी ती रोज सकाळी दोन तास बोलत बसायची. फोनवरच्या अनोळखी बाईला सांगितलं, कारण त्या बाईला पैसे भरावे लागणार नव्हते आणि तिला वाईटही वाटणार नव्हतं. मी दुभाषी झाले असते तर आईने ‘घेते की’वरच थांबवलं असतं. घरच्या माणसाला का बाजूला ठेवतात ते तेव्हा मला कळलं. तुम्हाला दोन्ही भाषा येत असल्या तरी आईवडिलांसाठी दुभाषी मागा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा आणखी एक अडचण. आईच्या फायलीत शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.८ होतं, इथल्या कागदावर ७५ लिहिलेलं. आई घाबरली. भारतात ते टक्क्यांत मोजतात, इथे वेगळ्या एककात. इथले ७५ म्हणजे आपले साधारण ९ टक्के, आणि ७ टक्के म्हणजे इथले ५३. रोजची साखरही तशीच: इथल्या यंत्रावर ८ आकडा दिसला तर त्याला १८ने गुणायचं, म्हणजे आपले १४४. हे दोन आकडे मी फ्रिजवर चिकटवून ठेवले होते. तरी ७.८चं ९ झालं होतं, ते एककामुळे नव्हे, एक दिवसाआडच्या गोळ्यांमुळे. डॉक्टरांनी साताऱ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधांची मूळ नावं शोधली. तिकडे एका गोळीत असलेली दोन औषधं इथे दोन वेगळ्या गोळ्यांत मिळाली. येताना ब्रँडच्या नावांची चिठ्ठी आणू नका. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन अशी औषधाची मूळ नावं आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून आणा, खूप वेळ वाचतो.

आणि औषधं फुकट मिळाली. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, पण वय ६० पूर्ण झालेल्यांना माफ. ही माफी वयावर आहे, व्हिसावर नाही. वहिनीचा सरचार्ज भरलेला असूनही तिने, भाच्याच्या नाही पण स्वतःच्या औषधाला ९.९० दिले, आणि आईने काहीच नाही. आईला हे पटेना. केमिस्टच्या दुकानातून बाहेर पडल्यावर ती मागे वळून बघत होती, कुणी हाक मारतंय का म्हणून.

ऑगस्टमधल्या एका रात्री आईने मला उठवलं. छातीत धडधड होत होती, दरदरून घाम आला होता. ‘सकाळी बघू’ असं ती म्हणालीच, पण उठवलं हे महत्त्वाचं. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तिने तेही केलं नसतं. भाऊ गाडी घेऊन आला, आम्ही थेट रुग्णालयाच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, गेलो. तिथली तपासणी सगळ्या जगाला फुकट आहे. कोण कुठून आलं याने फरक पडत नाही. ईसीजी काढला, रक्त घेतलं, बराच वेळ थांबावं लागलं, मग तरुण डॉक्टर आल्या. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, एट्रियल फिब्रिलेशन. त्यांना आईला दाखल करून घेऊन लक्ष ठेवायचं होतं.

पैशाची रेषा इथे आहे. ए अँड ईच्या खुर्चीवर फुकट, वॉर्डातल्या खाटेवर बिल. दाखल केल्याच्या क्षणापासून, किंवा पुढे तज्ज्ञांकडे ओपीडीत बोलावलं तर तेव्हापासून, व्हिजिटरला पैसे पडतात, आणि तेही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट. आईला याची कुणकुण होती. ‘गोळी द्या, मी घरी जाते,’ ती मराठीत डॉक्टरांनाच म्हणाली. डॉक्टर तिच्याजवळ वाकून बसल्या आणि मला म्हणाल्या, यांना विचारा, या परत कधी जाणार आहेत?

आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, हाकलताहेत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण तो प्रश्न नियमातलाच आहे आणि रुग्णाच्या बाजूचा आहे. जे उपचार तत्काळ लागतात, किंवा माणूस मायदेशी परतेपर्यंत थांबू शकत नाहीत, ते पैशासाठी अडवून ठेवता येत नाहीत. आधी करायचे, बिल नंतर. थांबू शकणारे उपचार असतील तर मात्र २०१७पासून पैसे आगाऊ घ्यावे लागतात. आईचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. ऑक्टोबरपर्यंत हे हृदय असंच ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी फायलीत लिहिलं, आणि विषय संपला. कुठला उपचार थांबू शकतो हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा, पैशाच्या खात्याचा नाही. बाळंतपणाच्या बाबतीत तर तेवढंही ठरवावं लागत नाही, ते नेहमीच तत्काळ धरतात. मी आईला हे सगळं समजावलं. ती दाखल व्हायला तयार झाली.

सकाळी परदेशी रुग्णांच्या खात्यातल्या बाई आल्या. पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट बघितलं, फॉर्म भरून घेतला, नीट समजावून सांगितलं. बिल चार आकडी आलं. भारतातून काढलेल्या प्रवास विम्याने जुन्या रक्तदाबाकडे बोट दाखवून हात वर केले. विमा काढताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हा एकच प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी विचारा. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिने थकली तर ते गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते, म्हणून भावाने आणि मी लगेच रुग्णालयाशी बोलून हप्ते बांधून घेतले. मागितलं की मिळतात. ते आम्ही अजून भरतो आहोत.

बिलाबद्दल मला तक्रार नाही. आईची काळजी उत्तम घेतली गेली, आणि पाहुण्याने वॉर्डाचे पैसे द्यावेत यात मला अन्याय दिसत नाही, दीडपट दर मात्र मनाला लागतो. मला खुपतं ते त्या बिलाची भीती किती लांब पोहोचते ते. रुग्णालयाच्या खाटेसाठी केलेला नियम माझ्या आईला फुकट मिळणाऱ्या जीपीपासून आणि फुकट मिळणाऱ्या गोळ्यांपासून लांब ठेवत होता. एनएचएस ५ जुलै १९४८ला सुरू झालं, आणि परदेशी लोक फुकट उपचार घेतात ही ओरड तेव्हापासूनची आहे. ते उभं करणारे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी त्यावर विचारलं होतं की पाहुणा ओळखायचा तर मग इथल्या प्रत्येकाने आपण पाहुणे नाही हे सिद्ध करायला ओळखपत्र घेऊन फिरायचं का? पैसे घेण्याची तरतूद १९४९च्या कायद्यातच झाली, पण नियम प्रत्यक्षात आले १९८२मध्ये. मधली तेहतीस वर्षं काउंटरवर कुणी व्हिसाचं पान उघडत नव्हतं. आमच्यासमोर ते उघडलं गेलं, जिथे त्याची गरजच नव्हती तिथे.

आई ऑक्टोबरमध्ये ठरल्याप्रमाणे परतली. सोबत रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद आणि जीपीने दिलेली औषधांची यादी होती; साताऱ्याच्या डॉक्टरांनी तीच औषधं पुढे चालू ठेवली. साखर उतरते आहे. पुढच्या वर्षी पुन्हा ये म्हटलं तर या वेळी ‘बघू’ म्हणाली नाही, तारीख विचारली.

तुमच्याकडे कुणी येणार असेल तर आल्या आठवड्यातच जीपीची नोंदणी उरका, आजारी पडण्याची वाट बघू नका. काउंटरवर नकार मिळाला तर वाद घालू नका, लेखी कारण मागा. नकार दिला तर १४ दिवसांत कारणासकट लेखी कळवणं दवाखान्यावर त्यांच्या करारानेच बंधनकारक आहे, आणि लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा फॉर्म निघतो. तरीही नाही निघाला तर तक्रार तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे एनएचएसच्या स्थानिक मंडळाकडे, करायची. जुलै २०२३पासून जीपीच्या तक्रारी तेच बघतात.